ब्रेकरला तेल किती, दाब किती?
पोकलेनच्या हत्यारांचा हिशेब

अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलले तरी जमीन तीच आहे. मातीचा थर संपला की मुरूम लागतो आणि मुरूम संपला की काळा कातळ. विहीर खोल करणे असो, शेततळे असो, पाइपलाइनचा चर असो की इमारतीचा पाया असो, शेवटी झुंज या कातळाशीच असते. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला व त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अशी मोठी कामे मोठ्या कंपन्यांकडे जातात हे खरे. परंतु खेडोपाडी विहिरी, चर आणि पाये खोदण्याचे काम एक मशीन व एक ब्रेकर घेऊन उभ्या राहिलेल्या लहान माणसाकडेच येते.

हा लहान माणूस बहुधा आपल्यापैकीच असतो. कोणी ड्रायव्हर असतो, कोणी फिटर, कोणी वेल्डर. लाखो रुपयांचे मशीन हप्त्यावर घेतो, त्यावर दुसऱ्या हाताचा ब्रेकर चढवतो आणि तासावर भाड्याने देतो. डिझेलचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. मात्र ब्रेकरला तेल किती लागते आणि दाब किती लागतो, असे विचारले तर उत्तर येते, "मिस्त्रीने बसवून दिले आहे." कमाई या एका उत्तरातूनच गळते. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. पण माप ठाऊक नसताना माल विकत घेऊ नये, हा नियम कापडाला लागतो तसाच लोखंडालाही लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात हे माप साध्या भाषेत समजून घेऊ.

प्रवाह वेगळा, दाब वेगळा

आपल्याकडे खोदाईच्या साखळीपट्ट्याच्या मशीनला पोकलेन म्हणतात. हे फ्रान्समधील एका कंपनीचे नाव होय. मागे-पुढे दोन बकेट असलेल्या चाकांच्या मशीनला जेसीबी म्हणतात, ते इंग्लंडमधील कंपनीचे नाव आहे. भारतात या कंपनीचे काम १९७९ साली सुरू झाले. नावे काहीही असोत, दोन्ही यंत्रांत खरे काम तेल करते. इंजिन पंप फिरवते, पंप तेल ढकलतो आणि ते तेल सिलिंडरमध्ये, मोटरमध्ये किंवा ब्रेकरमध्ये जाऊन काम करते.

या तेलाची दोन मापे आहेत. दर मिनिटाला किती लिटर तेल जाते हा झाला प्रवाह. ते तेल प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती जोराने रेटते हा झाला दाब. दाब बारमध्ये किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. एक बार म्हणजे सुमारे १.०२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणून गॅरेजच्या कामापुरती दोन्ही मापे जवळजवळ सारखी धरण्यास हरकत नाही.

निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, वडगाव या बाजूच्या उंच जमिनीवरून खापरी नळांनी नगर शहरात पाणी आणले होते. पाणी कोणत्या उंचीवरून येते यावर त्याचा जोर ठरत होता, आणि वाटेत नळ किती रुंद व किती स्वच्छ आहे यावर हौदात पडणारे पाणी ठरत होते. जोर आणि भरणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. पोकलेनमध्येही हेच आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पंप दाब निर्माण करीत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. पुढे अडथळा आला की दाब चढतो. बकेट हवेत असेल तर दाब थोडाच असतो. तीच कातळात रुतली की काटा वर जातो. हा काटा मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व असतो. दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला की तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो.

आकड्यांत पाहू

फ्रेंच विद्वान पास्कल यांनी सतराव्या शतकात सांगितले की, बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली याच तत्त्वावर हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. रुईची १७० किलोची गाठ दाबणारा प्रेस त्याच घराण्यातला होय.

समजा, सिलिंडरचा आतील व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर पिस्टनचा जोर २०० गुणिले ७८.५, म्हणजे १५,७०० किलो, अर्थात साडेपंधरा टनांहून अधिक होतो. आता या सिलिंडरला मिनिटाला ६० लिटर तेल मिळाले तर सेकंदाला १,००० घन सेंटिमीटर तेल आत जाते आणि पिस्टन सेकंदाला पावणेतेरा सेंटिमीटर सरकतो. एक मीटर जाण्यास त्याला आठ सेकंद लागतात.

तेल निम्मे केले, म्हणजे ३० लिटर दिले, तर एक मीटर जाण्यास सोळा सेकंद लागतील; पण जोर साडेपंधरा टनांचाच राहील. उलट, तेल ६० लिटरच ठेवून दाब निम्मा केला तर वेग तोच राहील, जोर मात्र पावणेआठ टनांवर येईल. सर्व धड्याचे सार एवढेच आहे : प्रवाहाने वेग ठरतो, दाबाने जोर ठरतो. मशीन मंद पण दमदार असेल तर रोग प्रवाहात शोधावा. मशीन चपळ पण दुबळे असेल तर रोग दाबात शोधावा.

दोन्ही मिळून शक्ती होते. लिटर गुणिले बार, भागिले ६००, म्हणजे किलोवॉट. १५० लिटर तेल १७० बारने जात असेल तर साडेबेचाळीस किलोवॉट, म्हणजे सुमारे ५७ अश्वशक्ती त्या नळीतून वाहत असते.

ब्रेकरची भूक

ब्रेकर हे हातोड्याचे यंत्र होय. तेल आतल्या पिस्टनला वर उचलते, वरच्या भागातील नायट्रोजन वायू दाबला जातो, मग तेल आणि वायू मिळून पिस्टनला खाली फेकतात आणि तो छिन्नीच्या डोक्यावर आपटतो. मिनिटाला किती ठोके पडतील हे मुख्यत्वे प्रवाहावर अवलंबून असते. प्रत्येक ठोका किती वजनदार असेल हे दाब, वायू आणि पिस्टनच्या वजनावर अवलंबून असते.

प्रत्येक ब्रेकरवर किंवा त्याच्या पुस्तकात दोन आकडे दिलेले असतात : प्रवाह किती ते किती, आणि चालण्याचा दाब किती. वीस टनी पोकलेनवर चालणाऱ्या ब्रेकरला साधारणपणे मिनिटाला सव्वाशे ते पावणेदोनशे लिटर तेल आणि १६० ते १८० बार दाब लागतो. त्याच पोकलेनमध्ये मात्र बहुधा दोन पंप असतात, प्रत्येकी दोनशे लिटरच्या आसपास देणारे, आणि मुख्य दाबाची मर्यादा साडेतीनशे बारच्या जवळपास असते. म्हणजे मशीनजवळ जे आहे ते सर्वच्या सर्व ब्रेकरला द्यावयाचे नसते. जेवढी भूक तेवढेच वाढावे लागते.

जास्त तेल दिले तर काय होते? ठोके भराभर पडू लागतात आणि मालक खूश होतो. परंतु वापरलेले तेल तितक्याच वेगाने परत जाऊ शकत नाही. परतीच्या नळीत दाब साचतो, तेल तापते, वायूच्या टाकीतील रबरी पडदा फाटतो, सील जळतात आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. कमी तेल दिले तर ठोके विरळ पडतात, तास वाढतात आणि डिझेल वाया जाते. म्हणून जेसीबीवर मोठा ब्रेकर चढवणे जितके चुकीचे तितकेच मोठ्या पोकलेनवर लहान ब्रेकर बेहिशेबी चालवणेही चुकीचे. पहिल्यात तर वजनामुळे मशीन कलंडण्याचा धोकाही असतो.

ठोका कमी पडतो म्हणून पाना घेऊन रिलीफ व्हॉल्वचा स्क्रू आवळणे ही आपल्या गॅरेजांतील सर्वांत वाईट सवय होय. ठोका कमी पडण्याची कारणे अनेक आहेत. वायू उतरलेला असतो, बुश झिजलेला असतो, पंप थकलेला असतो. स्क्रू आवळल्याने यांपैकी एकही रोग बरा होत नाही. फक्त जी नळी उद्या फुटायची ती आज फुटते. रिलीफचा आकडा पुस्तकात असतो तोच ठेवावा. बहुधा तो चालण्याच्या दाबापेक्षा तीस ते पन्नास बार वर असतो. यापेक्षा खाली ठेवला तर तेल काम न करताच टाकीत पळते आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते. १५० लिटर तेल २०० बारवर रिलीफमधून सांडले तर पन्नास किलोवॉट उष्णता होते. दोन किलोवॉटच्या पंचवीस शेगड्या तेलाच्या टाकीत पेटवल्यासारखेच हे झाले.

परतीची वाट

येणाऱ्या नळीकडे सर्वांचे लक्ष असते, परतीच्या नळीकडे कोणाचेच नसते. ब्रेकरला १७० बार मिळाले आणि परतीच्या वाटेत ३० बार अडले तर कामाला १४० च उरले. म्हणून ब्रेकरचे परतीचे तेल शक्य तितके सरळ, कंट्रोल व्हॉल्वच्या वळणांत न घालता, फिल्टर व कूलरकडून टाकीत न्यावे. नळी बारीक घालून चार पैसे वाचवू नयेत. नळीचा आतील व्यास निम्मा केला तर तेवढेच तेल नेण्यास दाबाची नुकसानी सोळा पट किंवा त्याहूनही अधिक होते. कपलिंग अर्धवट बसले असले तरी हाच परिणाम होतो.

ऑगर आणि ग्रॅब

डाळिंबाच्या बागेसाठी किंवा कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे मारणारे ऑगर हायड्रॉलिक मोटरवर चालते. समजा, मोटरला एका फेऱ्यास ५०० घन सेंटिमीटर तेल लागते. मिनिटाला ५० लिटर दिले तर ती १०० फेरे घेईल. १५० बारवर तिची पिळण्याची ताकद हिशेबाने सुमारे १२० किलो-मीटर येते. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी कमी मिळते. फेरे तेलाने वाढतात, पीळ दाबाने वाढतो. मुरमात फेरे कमी आणि पीळ जास्त असावा लागतो, म्हणून तेथे मोठ्या मापाची मोटर चांगली. अशा मोटरला बहुधा तिसरी बारीक नळीही असते. आत झिरपलेले तेल तीतून विनादाब टाकीत जाते. ही नळी बंद करून "दोन नळ्यांत काम भागते" असे म्हणणाऱ्याकडे मोटर देऊ नये. तिचे सील लगेच जातात.

ऊस किंवा भंगार उचलणाऱ्या ग्रॅबला उघडण्याकरिता व मिटण्याकरिता दोन्ही बाजूंनी तेल लागते. ब्रेकरला मात्र ते एकाच दिशेने लागते. म्हणून ब्रेकरसाठी टाकलेल्या लाइनवर ग्रॅब चढवण्यापूर्वी लाइन दुतर्फा आहे की नाही हे पाहून घ्यावे.

मोजल्याशिवाय बोलू नये

तपासणीची रीत कठीण नाही. प्रथम हत्याराची पाटी वाचावी. मग मशीन चालवून तेल ५० ते ६० अंशांपर्यंत गरम होऊ द्यावे, कारण थंड तेल जाड असते व आकडे फसवे येतात. ब्रेकरच्या जागी फ्लो मीटर जोडावा आणि ज्या इंजिनवेगाला काम करावयाचे त्या वेगाला प्रवाह पाहावा. पंपाचे तेल इंजिनच्या फेऱ्यांबरोबर कमी-जास्त होते. फेऱ्यास १०० घन सेंटिमीटर देणारा पंप २,००० फेऱ्यांना २०० लिटर देतो, १,५०० फेऱ्यांना १५०.

नंतर फ्लो मीटरचा व्हॉल्व हळूहळू आवळून दाब चढवावा आणि प्रवाह पुन्हा पाहावा. ही पायरी कधीही चुकवू नये. थकलेला पंप मोकळ्या नळीत १५० लिटर दाखवतो आणि १७० बारवर ११० वर येतो. बाकीचे तेल पंपाच्या आतच गळते. जुने मशीन घेताना हे एकच मोजमाप लाखाचे नुकसान वाचवू शकते. आधी प्रवाह लावावा, मग रिलीफ, आणि शेवटी ब्रेकर जोडून चालता दाब व परतीचा दाब पाहावा. मोजलेले आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.

तेल आणि धूळ

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून तेलाचा दर्जा, म्हणजे ४६ की ६८ क्रमांक, पुस्तकात गरम हवेसाठी सांगितला असेल तोच घ्यावा. तेल ८० अंशांच्या वर राहू लागले तर पातळ होते, आतून गळते आणि सील कडक होतात. कातळाची धूळ तर तेलात गेलेला कानसच होय. व्हॉल्वच्या आतील फटी माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक असतात. ब्रेकर उतरवला की नळ्यांच्या तोंडांना टोपणे लावावीत.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. गॅरेजमध्ये पुसण्यासाठी सुताचा गुंता किंवा होजियरीच्या चिंध्या वापरतात. त्यांचे तंतू सुटतात आणि तेलात गेले की फिल्टर तुंबवतात, व्हॉल्व अडकवतात. उघडलेला हायड्रॉलिक भाग पुसण्यासाठी तंतू न सोडणारे, घट्ट विणीचे स्वच्छ कापड वापरावे. किंमत थोडी अधिक पडते, पण व्हॉल्वपेक्षा फार स्वस्त.

जिवाचा प्रश्न

पुढील तीन गोष्टी प्रत्येक उस्तादाने आपल्या शागिर्दाला पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

पहिली : नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि तेलाची बारीक फवार दिसली तर हात लावून गळती शोधू नये. दीडशे-दोनशे बारची ही फवार कातडीत सुईसारखी घुसते. जखम ठिपक्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत तेल पसरून मांस मरते आणि काही तासांत बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊ शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून शोधावी. तेल घुसले तर मलम लावून घरी बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" हे स्पष्ट सांगावे.

दुसरी : ब्रेकरमध्ये फक्त नायट्रोजनच भरावा. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो आणि "वायू तो वायू" असे म्हणून तो भरण्याचा मोह होतो. दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. येथे दुसरी संधी मिळत नाही.

तिसरी : नळी सोडण्यापूर्वी ब्रेकर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे, सर्व लिव्हर व पेडल हलवून साचलेला दाब उतरवावा आणि टाकीचा दाब सोडावा. इंजिन बंद झाले म्हणजे दाब गेला, असे समजू नये.

चालवण्याची शिस्तही यातच येते. छिन्नी दगडावर काटकोनात टेकवून दाबल्याशिवाय ठोका देऊ नये. हवेतला ठोका ब्रेकर स्वतःच्याच अंगावर घेतो. एका जागी पंधरा ते तीस सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदलावी. छिन्नी पहारीसारखी वापरून दगड उलथू नये. ग्रीस वेळेवर द्यावे.

धंद्याचे गणित

दुसऱ्या हाताचा ब्रेकर घेताना रंग पाहू नये, पाटी पाहावी. पाटी नसेल तर मॉडेल ठाऊक करून त्याचे आकडे मिळवावेत. तेही मिळत नसतील तर सौदा सोडावा. बुशमधील ढिलाई, पिस्टनवरील ओरखडे आणि वायू टिकतो की नाही हे पाहावे. आपल्या मशीनचा दाबाखालचा प्रवाह आधीच मोजून ठेवलेला असेल तर सौदा पाच मिनिटांत ठरतो.

कारागीर बंधूंसाठी यात रोजगारही आहे. नळ्या क्रिम्प करणे, सील बदलणे, वायू भरणे, प्रवाह व दाब मोजून देणे ही कामे तालुक्याच्या गावी करणारे हात कमी आणि मशीने जास्त आहेत. फ्लो मीटर एकट्याला महाग वाटत असेल तर चार गॅरेजवाल्यांनी भागीत घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. अंदाजाने स्क्रू फिरवणारे पुष्कळ आहेत. मोजून, लिहून, गिऱ्हाइकाच्या हाती आकडा देणाराच टिकतो. कापडाच्या दुकानात मीटरपट्टी गिऱ्हाइकासमोर धरतात, तसाच दाबाचा काटाही त्याच्यासमोर धरावा. माप पुरे असले की भावाबद्दल भांडण होत नाही.